दसऱ्याच्या दिवशी गिऱ्हाईक

आमच्या घरातल्या बहुतेक वस्तू पैसे मोजूनच घेतलेल्या होत्या, तरी त्यांना आधीच्या मालकांची नावं चिकटलेली होती. बाबा भूलतज्ज्ञ. त्यांच्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडमध्ये दर वर्षा-दोन वर्षांनी गाव बदलायचो, आणि प्रत्येक गावातल्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये आपल्याकडचं कुठलं तरी डॉक्टर कुटुंब नेमकं त्याच महिन्यात सामान आवरत असायचं. ते जाताना जे गाडीत मावायचं नाही ते आमच्याकडे यायचं. म्हणून आमच्याकडे साठ्यांचा सोफा होता, गुप्तांची इस्त्री होती आणि रेड्डींचा मायक्रोवेव्ह होता. "रेड्डींमध्ये वरण ठेवलंय, दोन मिनिटं लाव," असं आई सांगायची आणि त्यात काही विचित्र आहे असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही. तसाच तो व्हिडिओ गेमचा कन्सोल होता पिल्लईंचा. त्यांची मुलं मोठी झाली होती, त्यांना नवा हवा होता. दादाचे आणि माझे वाढदिवसाचे पैसे एकत्र करून आम्ही तो घेतला, त्यामुळे त्याची मालकी अर्धी-अर्धी. आई मात्र त्याला शेवटपर्यंत 'तो डबा'च म्हणाली.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि भयंकर बुजरा. नव्या शाळेत गेला की पहिले दोन-तीन आठवडे तो जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी आणायचा. मी तशी नव्हते, मी पहिल्याच दिवशी कोणाशी तरी भांडून ओळख करून घ्यायचे. पण कन्सोल आल्यावर दादाला एक वाक्य सापडलं. "आमच्याकडे कन्सोल आहे, येतोस का?" एवढं एक वाक्य त्याला बोलता यायचं, आणि मग शनिवारी साठ्यांच्या सोफ्यावर तीन-चार पोरं येऊन बसायची, आई त्यांना पाटोड्या खायला घालायची, पोरं तिखटानं लाल व्हायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायची. पाहुणे नसले की मी आणि दादा. आमचा आवडता गेम गाड्यांच्या शर्यतीचा, पडद्याचे दोन भाग, वरचा दादाचा, खालचा माझा. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असायचे, म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवायचा असा घरचा कायदा होता. मग इंजिनचा आवाज दादा स्वतःच काढायचा, दातांतून, हळू. वळणावर ब्रेक लागल्याचाही काढायचा. माझ्या गाडीचाही तोच काढायचा, कारण मला तो जमत नसे आणि मी काढला की मिक्सर लागल्यासारखं वाटतं असं त्याचं मत होतं. वर बाबांचं घोरणं, किचनमध्ये वॉशिंग मशीनचं खडखडणं आणि मध्ये दादाचं ते हुंऽऽ. पुढे कधीतरी मी तोच गेम आवाज लावून खेळले, तर खरी इंजिनं मला अगदीच खोटी वाटली.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. आमच्या घरी दसऱ्याला पूजा असायची ती हत्यारांची, म्हणजे ज्याचं काम ज्या वस्तूवर चालतं तिची. बाबांचा स्टेथोस्कोप, आईचा मिक्सर, बाहेर उभी गाडी आणि आमची पुस्तकं. पूजेत ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, तिला एक दिवस सुट्टी. आम्ही पोरांनी यातला फायदा ताबडतोब ओळखला. एका दसऱ्याला आम्ही झाडून सगळी पुस्तकं पूजेत नेऊन ठेवली, मॅथ्सची वर्कशीट्ससुद्धा, आणि अभ्यास करणं आता धर्माविरुद्ध आहे असं जाहीर करून सकाळी नऊला खेळायला बसलो. आई काही बोलली नाही. पुढच्या वर्षी आम्ही आंघोळ करून खाली आलो तर पाटावर पुस्तकांच्या शेजारी कन्सोल बसलेला, वायरींची नीट गुंडाळी केलेली, वर हळदकुंकू आणि सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. "तुमचं खरं हत्यार तर हेच ना?" आई म्हणाली. त्या वर्षापासून डबा दर दसऱ्याला पाटावर बसला. त्याच्या वरच्या जाळीत गेलेलं कुंकू कधीच पुरतं निघालं नाही, आणि तो तापला की खोलीत कापराचा वास यायचा अशी मला अजून खात्री आहे.

मग दादा कार्डिफला युनिव्हर्सिटीत गेला. आम्ही तेव्हा नॉटिंगहॅमला होतो. त्याला सोडून आलो त्या रात्री आईनं चार ताटं घेतली आणि एक परत ठेवलं. मी चौदा वर्षांची होते आणि मला कोणाची आठवण वगैरे येत नाही असं मी ठरवलं होतं. एकटीनं खेळून पाहिलं. पडदा सगळा माझा, गाडी मोठी दिसायची, पण कॉम्प्युटरला हरवल्यावर तो चिडत नाही, मग मजा काय? दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, "मुग्धे, विकून टाक ना तो कन्सोल. मला इथे कुठे टाइम आहे? तुला स्कूल ट्रिपला होतील पैसे. नाहीतर ठेव. यू डिसाइड." इतकं सहज म्हणाला की मला राग आला. पाच वर्षं ज्याच्यापायी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या ती वस्तू हा दोन शब्दांत सोडून देतो! ठेवावा तर खेळायला कोणी नाही, विकावा तर दादा ख्रिसमसला आल्यावर आम्ही दोघं करणार काय? कारण खरं सांगायचं तर समोर पडदा नसताना आम्हाला एकमेकांशी बोलता येतं का, हेच मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर मी रोज शाळेत जाताना विकायचं ठरवायचे आणि येताना ठेवायचं. शेवटी रागाचा जय झाला. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या दुकानात खिडकीत विकाऊ वस्तूंची कार्डं लावत, त्यात मी आमचंही एक लावलं.

तीनच दिवसांत गिऱ्हाईक मिळालं, आणि तेही कोण, तर आमच्या शाळेसमोरची लॉलिपॉप लेडी. पिवळाधमक कोट घालून, हातात गोल पाटीचा दांडा घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई. तिचं नाव सँड्रा, वय साठीच्या आसपास, आणि नॉटिंगहॅमच्या रीतीप्रमाणे ती सगळ्या जगाला लाडानं 'डक' म्हणायची, आमच्या हेडमास्तरांनासुद्धा. भर रस्त्यात गाड्या थांबवून तिनं मला विचारलं, "दॅट कार्ड, इज इट योर्स, डक?" नवरा वारल्यापासून हिवाळ्याच्या संध्याकाळी तिला खायला उठायच्या, विणकाम तिला आवडत नव्हतं आणि भाचीकडे एकदा खेळल्यापासून तिला गाड्यांच्या शर्यतीचं वेड लागलं होतं. "पण चालू करून बघणार हं मी, त्याशिवाय नाही घेणार," असं तिनं बजावलं. मी तिला रविवारी अकराला घरी बोलावलं. आमच्या किचनमध्ये नागपूरहून मामानं पाठवलेलं कॅलेंडर टांगलेलं असायचं, त्यावर सगळे सण लाल अक्षरांत. मी त्याच्याकडे फक्त सुट्ट्या बघायला जायचे, आणि आपले सण काही त्या देशात सुट्टी घेऊन येत नसत.

रविवारी सकाळी मी खाली आले तर घरभर वेलदोड्याचा वास. सिंकच्या नळाला जुन्या ओढणीत बांधलेला चक्का रात्रभर टांगून होता, तो आता आई पातेल्यात फेटत होती. दाराला बाबांनी समोरच्या हेजची, म्हणजे कुंपणाच्या झुडपाची, डहाळी बांधली होती, आणि पाटावर, स्टेथोस्कोप आणि मिक्सर यांच्या मधोमध, कपाळभर कुंकू लावून माझा विकाऊ माल बसला होता.

"आई! हा का ठेवलास? अकराला सँड्रा येणार आहे!"

"कोण सँड्रा?"

मी सगळं सांगितलं. आईनं रवी खाली ठेवली. "म्हणजे तू दसऱ्याच्या दिवशी घरातली वस्तू बाहेर काढणार? लोक आज घरात आणतात गं!"

"मला माहीत नव्हता आज दसरा आहे. माझा चूक झाला. पण तिला फक्त चालू करून दाखवायची आहे."

"आज नाही चालू होणार. उद्या ये म्हणावं." आईनं विषय संपवला. चूक बाईसारखी न होता बुवासारखी झाली याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष गेलं नाही. एरवी बाबा लगेच टोकायचे.

सँड्रा अकराला दोन मिनिटं कमी असताना आली, कोटाशिवाय, लिपस्टिक लावून. मी तिला बैठकीत नेलं. पाटाकडे बघून ती थबकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ओह, डक. हॅज इट डाइड?"

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर इतका वर धरला की नुसते हात दिसत होते आणि पेपर थरथरत होता. मग त्यांनीच सावरून तिला नीट समजावलं, की ज्या वस्तू वर्षभर आपल्यासाठी राबतात त्यांना आज विश्रांती, आज त्यांना नमस्कार करायचा, काम सांगायचं नाही. सँड्रानं मान डोलवत सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझ्या त्या पाटीच्या दांडक्याला सत्तावीस वर्षांत कोणी थँक यू म्हटलेलं नाही." आईला एवढंच पुरे होतं. सँड्राला श्रीखंड-पुरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, वर बटाट्याची भाजी, आणि जाताना हातावर हेजचं पान ठेवून 'हे सोनं' असं सांगितलं. हॅपी दसरा म्हणत ती गेली. सौदा उद्यावर गेला.

दुपारी दादाचा फोन आला. सणाला फोन करून नमस्कार सांगायचा असं आईनं त्याला बजावलेलंच होतं. आमचा फोन जिन्याच्या पायथ्याशी, वायरवाला. आईनं विचारलं, जेवलास का? जेवलो. मित्र झाले का? हो, खूप. थंडी आहे का? नाही. बाबांनी विचारलं, लेक्चर्स कशी? मस्त. सगळं मस्त होतं. मग आई पुऱ्यांकडे गेली, बाबा गाडीची पूजा करायला बाहेर गेले आणि फोन माझ्याकडे आला. मी तिसऱ्या पायरीवर बसले आणि सकाळची गोष्ट सांगायला लागले. सँड्रानं 'मेला का हो?' कसं विचारलं, बाबांचा पेपर कसा हलत होता, हे मी रंगवून सांगत होते. दादा हसायला लागला. हसता हसता त्याचा श्वास अडकल्यासारखा झाला आणि मग मला कळलं की हा हसत नाहीये.

"दादा?"

त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. प्रॉमिस कर."

"प्रॉमिस. काय झाला?"

"काही नाही झालं. नथिंग. तेच तर." मग तो तुकड्यातुकड्यांनी बोलला. फ्लॅटमध्ये आठ जण, एकच किचन. पहिल्या आठवड्यात सगळे एकत्र पबमध्ये गेले, हा खोलीत सामान लावत बसला, आणि परत आले तेव्हा त्यांची मैत्री होऊन गेली होती. आता तो किचनमध्ये कोणी नसेल तेव्हाच जायचा. दाराला कान लावून आवाज थांबायची वाट बघायची, मग पळत जाऊन सीरिअल घेऊन खोलीत यायचं. तीन आठवडे तो संध्याकाळी तेच खात होता. "मी दिवसात एकदासुद्धा बोलत नाही कधी कधी, मुग्धे. आज तुमच्याशी बोललो तर आवाज फाटका आला."

चौदाव्या वर्षी मोठा भाऊ रडला की पायाखालची पायरीच निघाल्यासारखं होतं. मी एवढंच म्हणाले, "मी कन्सोल नाही विकत." तो म्हणाला, "त्याने काय होणार आहे?" आणि आई येतेय हे ऐकून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर मी सँड्राला गाठलं आणि एका दमात सांगितलं, सॉरी, नाही विकायचा. तिचा चेहरा पडला, मला दिसला तो. तिनं टीव्हीजवळ जागासुद्धा करून ठेवली होती म्हणे. प्रॉमिस आईला न सांगण्याचं होतं, लॉलिपॉप लेडीबद्दल काही बोलणं झालं नव्हतं, म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना भर फुटपाथवर मलाच रडू आलं. सँड्रानं पाटी भिंतीला टेकवली. मागे चार-पाच मुलं खोळंबली, तिकडे तिनं लक्षही दिलं नाही.

"मग तो तुझ्याकडे ठेवून काय करणार तू, डक?" ती म्हणाली. "टेक इट टू हिम. आणि एक्स्टेन्शन लीड ने बरोबर. त्या हॉस्टेलांत प्लग कधी पुरत नाहीत."

माझ्या डोक्यात विकायचं किंवा ठेवायचं एवढी दोनच टोकं होती. तिसरं सुचवलं ते ज्या बाईला तो डबा खरंच हवा होता तिनं. इतकी वर्षं झाली, मोठ्या मनाची म्हणून लोक कोणाकोणाची नावं सांगतात तेव्हा मला तो पिवळा कोट दिसतो.

पण आईला पटवायचं कसं? दादाला पहिल्या वर्षी अभ्यास सोडून दुसरं काही सुचू नये म्हणून तिनं त्याच्या सामानातून पत्त्यांचा कॅटसुद्धा काढून घेतला होता. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि रचलेलं सगळं विसरले. "आई, कन्सोल दादाला देऊया. शनिवारी. आपण जाऊन."

"का गं? त्यानं मागितला?"

"नाही."

"मग?"

"मला सांगता नाही येत. पण देऊया. मला नको तो." आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं हात पुसले आणि किचनच्या खिडकीतल्या छोट्या टीव्हीचा प्लग काढला. रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना ती त्यावर तिची मालिका बघायची, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही किचनमध्ये गेलेलं तिला चालायचं नाही. "मग हाही लागेल," ती म्हणाली, "नुसता डबा नेऊन काय भिंतीवर खेळणार?" आणि जिन्यातून वर ओरडली, "अहो, शनिवारी ड्यूटी आहे का?"

बाबांनी फक्त एकच शंका काढली, की तिकडे टीव्ही बघायला लायसन्स लागतं, तेव्हा दादाच्या खोलीत ठेवला तर त्याचं वेगळं लागेल का. कायद्याच्या बाबतीत ते फार हळवे. शेवटी कोणी तपासायला आलंच तर कार्यक्रम दिसत नाहीत हे सिद्ध करता यावं म्हणून त्यांनी त्याचा एरियल घरीच ठेवून घेतला.

शनिवारी आम्ही पहाटेच निघालो. मागच्या सीटवर मध्ये टीव्ही, त्याला सीटबेल्ट, एका बाजूला मी, मांडीवर कन्सोल, पायाशी पाटोड्यांचा डबा. वेल्समध्ये शिरल्यावर पाट्या दोन भाषांत व्हायला लागल्या आणि रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराफ' असं रंगवलेलं दिसलं. त्याचा अर्थ सावकाश चालवा. आईला तो शब्द इतका आवडला की तेव्हापासून आजतागायत बाबांनी कुठेही घाई केली, जेवतानासुद्धा, की ती "अराफ!" म्हणते. त्याचा खरा उच्चार वेगळा आहे हे तिला कळलंय, पण तिनं बदललेला नाही.

दादानं दार उघडलं. तो बारीक झाला होता, आणि आम्हाला सामानासकट बघून घाबरला. खोलीत खरोखरच एकच प्लग रिकामा होता. सँड्राची आठवण काढत मी एक्स्टेन्शन लावली, बाबांनी टीव्ही टेबलावर बसवला, आणि दार उघडंच ठेव असं आई उगाचच म्हणाली, खोलीत कोंदट आहे म्हणे. आम्ही दोघं पलंगावर बसून खेळायला लागलो. बाबा झोपलेले नव्हते तरी आवाज लावायचं कोणाला सुचलं नाही. दादा हळूच हुंऽऽ करायला लागला. पाचेक मिनिटांत दारात एक उंच, लाल केसांचा मुलगा येऊन उभा राहिला.

"मेट, आर यू डूइंग द नॉइझेस युवरसेल्फ?"

दादा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो मुलगा आत आला, पलंगाच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "डू द ट्रक." दादानं ट्रकचा आवाज काढला. मुलगा खो खो हसला, बाहेर तोंड काढून कोणाला तरी हाक मारली, आणि आणखी दोघं आली, त्यातल्या एका मुलीनं कन्सोलवरची कुंकवाची लाली बघून काय सांडलंय म्हणून विचारलं. दादानं तिला सांगितलं. लाल केसवाल्यानं माझ्याकडे हात पुढे केला, मी त्याच्या हातात माझा कंट्रोलर दिला आणि उठून भिंतीशी उभी राहिले, कारण बसायला आता जागाच नव्हती. आईनं पाटोड्या उघडल्या.

आम्ही निघालो तेव्हा दादा शर्यतीच्या अगदी शेवटच्या फेरीत होता. "येतो रे," बाबा म्हणाले. "हं," तो म्हणाला. "जाते मी, दादा," मी म्हणाले. त्यानं डावा हात अर्धा वर केला आणि लगेच परत कंट्रोलरवर नेला, कारण वळण आलं होतं.

गाडीत बसल्यावर आईनं मागे वळून विचारलं, "फोनवर रडला होता ना तो?"

"मी प्रॉमिस केला आहे," मी म्हणाले.

"मग नको सांगूस." तिनं पुढे तोंड केलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "निघताना काय म्हणाला गं तुला?"

"काहीच नाही. वळून पण नाही बघितला."

"बरं झालं," आई म्हणाली.

बरं झालं हे मलाही कळत होतं. तरी बर्मिंगहॅम येईपर्यंत मी रिकाम्या सीटपलीकडच्या खिडकीकडे तोंड करून रडत राहिले, आणि बाबांनी काही न विचारता रेडिओ जरा मोठा केला.